‘लाव्हेंतूरा’ कसा पाहावा: तयारी, क्रम आणि दुभंगलेल्या प्रेक्षकांची साक्ष

मिकेलांजेलो अंतोनिओनी यांचा ‘लाव्हेंतूरा’ (१९६०) अर्ध्यावर सोडून देणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: बेटावर एक मुलगी हरवते, तिचा शोध सुरू होतो आणि मग चित्रपट तिला विसरूनच जातो. शेवटपर्यंत पाहणाऱ्यांपैकी अनेकजण वेगळीच चूक करतात. मनापर्यंत काहीच पोहोचलेले नसताना, केवळ दिग्दर्शकाचे नाव मोठे आहे म्हणून, ते ‘अप्रतिम’ म्हणून मोकळे होतात. दोन्ही चुका पाहण्याच्या पद्धतीतून येतात आणि त्या टाळता येतात.

पुढील टप्पे मी या एका चित्रपटाभोवती मांडले आहेत. त्या काळातील इतर इटालियन चित्रपटांनाही ते थोड्या फरकाने लागू पडतात. माझा आग्रह एका गोष्टीचा आहे. कंटाळा आला तर तो नेमका कोणत्या शॉटला आला, हे प्रेक्षकाला सांगता आले पाहिजे, आणि भारावून गेलो तर तेही तितक्याच नेमकेपणाने सांगता आले पाहिजे. या चित्रपटांनी त्यांच्या काळात प्रेक्षकांचे उभे दोन तट पाडले, ते दोन्ही बाजूंना पडद्यावर काहीतरी खरोखर दिसले होते म्हणून. ते काय होते, हे शोधणे रसास्वादाच्या बाहेरचे काम नाही.

सूचना: सहाव्या टप्प्यात चित्रपटाच्या शेवटाचे वर्णन आहे. चित्रपट पाहिलेला नसेल, तर पाचव्या टप्प्यापर्यंत वाचून थांबावे.

१. प्रत आणि पडदा तपासून घ्या

या चित्रपटांत अर्थाचा मोठा भाग चौकटीत कोण कुठे उभे आहे यावर अवलंबून असतो. त्यामुळे कडा कापलेली किंवा ताणलेली प्रत पाहणे म्हणजे वेगळाच चित्रपट पाहणे होय. ‘लाव्हेंतूरा’ची पूर्ण लांबी सुमारे १४३ मिनिटे आहे; हाती आलेली प्रत त्याहून बरीच लहान असेल, तर ती बाजूला ठेवावी. फेदेरिको फेलिनी यांचा ‘ला दोल्चे व्हीता’ (१९६०) हा रुंद पट्टीचा चित्रपट असल्याने टीव्हीवर वर आणि खाली काळ्या पट्ट्या दिसणे हेच बरोबर आहे. त्या घालवण्यासाठी चित्र मोठे केले की कडेची माणसे नाहीशी होतात. टीव्हीतील हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी आणि खोलीतला दिवा मालवावा. कृष्णधवल चित्रातील करड्या छटा उजेडात मरतात.

लुकिनो विस्कोन्ती यांच्या ‘इल गात्तोपार्दो’च्या (१९६३) बाबतीत अधिक काळजी हवी. त्याची इटालियन आवृत्ती सुमारे १८५ मिनिटांची आहे, तर अमेरिकेत दाखवली गेलेली इंग्रजी आवृत्ती १६१ मिनिटांची. इंग्रजी आवृत्तीत बर्ट लँकेस्टर यांचा स्वतःचा आवाज ऐकू येतो, हे तिचे एकमेव आकर्षण. पहिल्यांदा पाहताना इटालियन आवृत्तीच घ्यावी. याउलट रोबेर्तो रोस्सेलिनी यांचा ‘व्हियाज्जो इन इतालिया’ (१९५४) इंग्रजीत चित्रित झालेला आहे. इन्ग्रिड बर्गमन आणि जॉर्ज सँडर्स यांचे खरे आवाज हवे असतील, तर तिथे इंग्रजी आवृत्ती योग्य ठरते.

तपासणी: इटलीत त्या काळी संवाद नंतर ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत होती, आणि अनेकदा नटाचा आवाजही दुसऱ्याचा असे. म्हणून ओठ आणि शब्द जुळत नाहीत असे वाटले, तर लगेच प्रतीला दोष देऊ नये. दार आपटल्याचा आवाज दार आपटतानाच येतो का, ते पाहावे. तो वेळेवर येत असेल आणि फक्त ओठ मागेपुढे असतील, तर ती मूळचीच पद्धत आहे. दाराचा आवाजही उशिरा येत असेल, तर प्रत बिघडलेली आहे.

२. चित्रपटांचा क्रम ठरवा

सर्वांत जास्त नुकसान चुकीच्या सुरुवातीने होते. कोणीतरी नाव सुचवतो आणि प्रेक्षक थेट अंतोनिओनी यांच्या ‘लेक्लिस्से’पाशी (१९६२) किंवा ‘इल देझेर्तो रोस्सो’पाशी (१९६४) जाऊन बसतो. या दिग्दर्शकाने कथेतून काय काय काढून टाकले आहे, हे कळण्यासाठी आधी ते जागेवर असलेले पाहायला हवे.

सुरुवात व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ज’पासून (१९४८) करावी. तिथे शोध आहे, शोधाचे कारण आहे आणि सायकल मिळाली नाही तर काय होईल, हेही पहिल्या काही मिनिटांत कळते. १९५२ साली मुंबईत भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि त्याचे पडसाद पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मध्ये उमटले, त्यामुळे आपल्या डोळ्यांना तो परका वाटत नाही. त्यानंतर दे सिका यांचाच ‘उंबेर्तो डी.’ (१९५२) घ्यावा आणि त्यातील तरुण मोलकरीण सकाळी स्वयंपाकघरात वावरते तो प्रसंग नीट पाहावा. ती कॉफी दळते आणि बसल्या बसल्या पाय लांब करून दार लोटते. कथा इथे पुढे सरकत नाही, तरी त्या मुलीविषयी आपल्याला पुष्कळ कळते. हा प्रसंग ज्याला लांबलेला वाटत नाही, तो पुढच्या पायरीसाठी तयार आहे.

ती पायरी म्हणजे ‘व्हियाज्जो इन इतालिया’. बहुतेक याद्यांत तो गाळला जातो, याचे मला वाईट वाटते, कारण दे सिकांकडून अंतोनिओनींकडे नेणारा याहून चांगला पूल मला माहीत नाही. एक इंग्रज जोडपे नेपल्सला येते, एकमेकांना कंटाळते, वेगवेगळे भटकते. पॉम्पेईच्या उत्खननात त्यांच्या डोळ्यांसमोर प्राचीन मृतदेहांचे ठसे प्लास्टरमधून बाहेर येतात आणि पत्नीचा बांध फुटतो. प्रसंग आणि भावना यांचा संबंध इथे संवादांतून नव्हे, तर स्थळांतून जुळवला आहे. ‘लाव्हेंतूरा’त हीच रीत अडीच तास चालते.

सावधान: एका दिवसात दोन चित्रपट पाहू नयेत. पहिल्याची लय मनात असताना दुसरा उगाच संथ किंवा उगाच घाईचा वाटतो.

३. आधी काय जाणून घ्यावे आणि काय टाळावे

एक गोष्ट मी आधीच सांगून टाकतो, आणि ती सांगावी असेच माझे ठाम मत आहे: हरवलेली आन्ना सापडत नाही आणि तिचे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही. हे गुपित राखल्याने प्रेक्षक अडीच तास चुकीच्या प्रश्नामागे धावतो. ते आधी ठाऊक असले, की नजर मागे राहिलेल्या दोघांकडे वळते: तिचा प्रियकर सान्द्रो (गाब्रिएले फेर्झेत्ती) आणि तिची मैत्रीण क्लाउदिया (मोनिका वित्ती).

दुसरी जाणून घेण्यासारखी बाब म्हणजे सान्द्रोचा व्यवसाय. तो वास्तुरचनाकार आहे, पण आता स्वतःच्या इमारती न उभारता दुसऱ्यांसाठी खर्चाचे अंदाज काढून देतो. एवढ्यावरच थांबावे. अंतोनिओनी यांनी फ्रान्समधील कान येथील चित्रपट महोत्सवात एक निवेदन केले होते. विज्ञान पुढे गेले तरी माणूस जुनाट नैतिक कल्पना बाळगून आहे आणि त्यामुळे त्याची प्रेमवृत्ती आजारी झाली आहे, असा त्याचा आशय होता. ते महत्त्वाचे आहे, परंतु पहिल्या खेपेपूर्वी वाचू नये, कारण मग प्रत्येक प्रसंग त्या वाक्याचे उदाहरण वाटू लागतो आणि पडद्यावरचा वारा, खडक, चेहरे दिसेनासे होतात.

४. पहिली खेप: न थांबता, पण एका मध्यंतरासह

मध्येच थांबवून मागे जाणे, फोन पाहणे, नावे शोधणे हे सारे टाळावे. मध्यंतर घेण्यास मात्र हरकत नाही. इटलीतील चित्रपटगृहांतही चित्रपट दोन भागांत दाखवण्याची प्रथा होती. फक्त ते कुठे घ्यावे, हे आधी ठरवावे. सिसिलीच्या उत्तरेकडील लिस्का बिआंका या उजाड बेटावरचा भाग संपून पात्रे मुख्य बेटावर येतात, ती जागा योग्य आहे. शोध चालू असताना मध्यंतर घेतले, तर परतल्यावर लक्ष पुन्हा ‘ती कुठे गेली’ या प्रश्नात अडकते.

पाहताना दोनच गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली: पात्र चौकटीतून निघून गेल्यावर कॅमेरा किती वेळ तिथेच राहतो? दुसरी: कोण कोणाकडे पाठ करून बोलते? बाकी सारे आपोआप येऊ द्यावे. बेटावर वारा आणि समुद्र यांचा आवाज सतत आहे आणि जिओव्हान्नी फुस्को यांचे संगीत फार थोडे, म्हणून आवाज नेहमीपेक्षा किंचित मोठा ठेवावा.

उपशीर्षकांविषयी एक सवय लावून घ्यावी. ओळ उमटताच एका नजरेत वाचून डोळे पुन्हा चित्रावर न्यावेत आणि एखादे वाक्य सुटले तर ते सोडून द्यावे. या चित्रपटात संवाद सुटण्यापेक्षा एखादी मान वळवणे सुटणे अधिक महाग पडते.

सावधान: कंटाळा आल्यास तो दाबू नये. घड्याळ पाहून फक्त मिनिट लिहून ठेवावे आणि पुढे पाहत राहावे. ही नोंद पुढच्या टप्प्याचा कच्चा माल आहे.

५. संपल्यावर लगेच टिपण, परीक्षणे नंतर

चित्रपट संपताच कोणाशी बोलण्याआधी आणि काहीही वाचण्याआधी अर्ध्या पानाचे टिपण करावे. त्यात मत लिहू नये, दृश्ये लिहावीत. ‘एकाकीपणा छान दाखवला आहे’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण ते चित्रपट न पाहताही लिहिता येते. ‘गावातल्या चौकात क्लाउदिया एकटी उभी असताना पुरुष एकेक करून तिच्याभोवती जमतात आणि कोणी काही बोलत नाही’ हे वाक्य उपयोगाचे आहे.

त्यानंतर कंटाळ्याची नोंदलेली मिनिटे काढून त्या जागा पुन्हा पाहाव्यात आणि प्रत्येकीसमोर लिहावे, की आपण तेव्हा कशाची वाट पाहत होतो. माझ्या अनुभवात बहुतेकांचे उत्तर ‘आन्नाविषयी बातमीची’ असे निघते. तसे निघाले, तर तो कंटाळा अपेक्षेचा आहे आणि दुसऱ्या खेपेला बराच ओसरतो. आन्नाचा प्रश्न मनात नसतानाही एखादी जागा रिकामी वाटली असेल, तर तो आक्षेप जपून ठेवावा. तो खराही असू शकतो.

तपासणी: टिपणातील किमान पाच वाक्ये अशी हवीत, की ज्यांत कोणी, कुठे, काय केले, हे स्पष्ट आहे. तेवढी जमत नसतील, तर परीक्षणांकडे न जाता काही दिवसांनी चित्रपट पुन्हा पाहावा.

६. दुसरी खेप: निवडक प्रसंग

दुसऱ्यांदा सगळा चित्रपट पाहण्याची गरज नाही. पुढील प्रसंग सावकाश, हवे तिथे थांबवून पाहावेत. खरा आनंद मला इथेच मिळत आला आहे.

सुरुवातीला आन्ना (लेआ मास्सारी) सान्द्रोच्या घरी जाते आणि क्लाउदिया खाली थांबते. आतल्या दोघांच्या जवळिकीच्या वेळीही बाहेर वाट पाहणारी क्लाउदिया आपल्याला दाखवली जाते. पुढच्या साऱ्या कथेतील तिचे स्थान, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रेमाच्या कडेला उभे असणे, इथेच ठरले आहे.

नौकेवर आन्ना आपला एक ब्लाउज क्लाउदियाला देते. आन्ना नाहीशी झाल्यावर तो क्लाउदियाच्या अंगावर दिसतो. आन्नाच्या सामानात बायबल आणि फिट्झजेराल्ड यांची एक कादंबरी सापडते. बायबल असल्याने तिने जीव दिला नसणार, असे वडील स्वतःला समजावतात. प्रेक्षक जसा वस्तूंवरून उत्तर काढू पाहतो तसाच तो बापही पाहतो आहे, आणि दोघांच्याही हाती काही लागत नाही.

मग ते निर्मनुष्य गाव. सान्द्रो आणि क्लाउदिया मोटार थांबवून हाका मारतात, पडसाद ऐकतात, दारे बंदच राहतात. ते मोटारीकडे वळतात आणि निघून जातात, पण कॅमेरा एका गल्लीतून हळूहळू पुढे सरकतो. कोण पाहत आहे? चित्रपट सांगत नाही. हा शॉट दोन-तीनदा पाहावा आणि त्याला लगेच जोडून येणारा प्रसंग कोणता, तेही टिपावे: उघड्या माळावर त्या दोघांचे प्रेम. भीती आणि सुख यांच्यामध्ये एकाही वाक्याचा पूल नाही.

नोतो या शहरातील प्रसंग सान्द्रोला समजून घेण्यासाठी अनिवार्य आहे. चर्चच्या गच्चीवर तो आपल्या जुन्या महत्त्वाकांक्षेविषयी बोलतो. क्लाउदियाच्या हातून घंटेची दोरी ओढली जाते आणि दुसऱ्या चर्चच्या घंटा उत्तर देतात. नंतर खाली चौकात एक तरुण इमारतीच्या तपशिलाचे रेखाटन करत असतो आणि सान्द्रो त्यावर मुद्दाम शाई सांडतो. पुढचे त्याचे सारे वागणे या डागापासून मागे-पुढे वाचता येते.

शेवट ताओर्मिनाच्या हॉटेलात आहे. क्लाउदियाला सान्द्रो दुसऱ्या स्त्रीसोबत सापडतो. पहाटे बाहेरच्या बाकावर तो रडतो आणि ती त्याच्या मागे उभी राहून, बराच वेळ घुटमळून, त्याच्या डोक्यावर हात ठेवते. अखेरच्या शॉटमध्ये चौकटीचा एक भाग कोऱ्या भिंतीने भरलेला आहे आणि दुसऱ्या भागात दूरवर एत्ना पर्वत आहे. कोण कोणत्या बाजूला आहे ते पाहावे आणि तो स्पर्श क्षमेचा आहे, कीवेचा की थकव्याचा, याचे उत्तर देण्याची घाई करू नये.

सावधान: भिंत म्हणजे अमुक, ज्वालामुखी म्हणजे तमुक, असे कोष्टक मांडणे ही या टप्प्यावरची सर्वांत मोहक चूक आहे. आधी ती भिंत आणि तो पर्वत त्या दोन देहांच्या संदर्भात किती जागा घेतात ते बघावे.

७. दुभंगलेल्या प्रेक्षकांची साक्ष तपासा

आता मतांकडे वळावे. मे १९६० मध्ये कान महोत्सवात ‘लाव्हेंतूरा’च्या पहिल्या खेळाला प्रेक्षक गंभीर प्रसंगांना हसले, लांबलेल्या शॉटच्या वेळी ‘कट’ असे ओरडले आणि शेवटी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी रोस्सेलिनी यांच्यासह अनेक चित्रकर्मी आणि समीक्षकांनी चित्रपटाच्या बाजूने सह्यांचे पत्रक काढले. परीक्षकांनी सर्वोच्च पुरस्कार ‘ला दोल्चे व्हीता’ला दिला, पण ‘लाव्हेंतूरा’लाही परीक्षक पारितोषिक मिळाले. १९६२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने समीक्षकांचा कौल घेतला, त्यात तो ‘सिटिझन केन’च्या खालोखाल दुसरा आला.

या हकिगतीचा नेहमीचा वापर असा होतो, की हुर्यो उडवणारे अडाणी होते आणि इतिहासाने त्यांना धडा शिकवला. हे मला मान्य नाही. त्या प्रेक्षकांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती: कथेने दिलेले वचन दिग्दर्शक मोडत आहे. सह्या करणाऱ्यांनाही तेच दिसले. फक्त त्यांना त्या मोडण्यात नवी भाषा दिसली. म्हणून तपासायचे आहे ते असे: ‘कट’ ओरडावेसे वाटेल असा शॉट निवडावा, तो मनातल्या मनात निम्म्यावर कापावा, आणि काय उरते व काय जाते ते लिहावे. काही जात नसेल, तर ओरडणाऱ्यांचा मुद्दा तेवढ्या जागी बरोबर मानावा.

इतर चित्रपटांवरील आक्षेप वेगळ्या जातीचे आहेत आणि ते एकाच तागडीत घालणे ही सर्रास होणारी चूक आहे. फेब्रुवारी १९६० मध्ये मिलान येथे ‘ला दोल्चे व्हीता’च्या खेळानंतर कोणीतरी फेलिनींवर थुंकले आणि व्हॅटिकनच्या दैनिकाने चित्रपटाचा कडक निषेध केला, तो आक्षेप नीतीचा होता, संथपणाचा नव्हे. शिवाय चर्चही एकमुखी नव्हते, कारण काही जेझुइट धर्मगुरूंनी चित्रपटाची बाजू घेतली. ‘उंबेर्तो डी.’वर जुलिओ आन्द्रेओत्ती यांनी सरकारात असताना जाहीर टीका केली, ती देशाची प्रतिमा मलिन होते म्हणून. १९५४ मध्ये व्हेनिस महोत्सवात फेलिनींच्या ‘ला स्त्रादा’चे आणि विस्कोन्तींच्या ‘सेन्सो’चे समर्थक एकमेकांना भिडले, डाव्या समीक्षकांच्या मते फेलिनी यांनी नववास्तववाद, म्हणजे सामान्य माणसांचे रोजचे जगणे जसे आहे तसे दाखवण्याची रीत, सोडून गूढतेची वाट धरली होती. प्रत्येक वेळी प्रथम विचारावे की आक्षेप लयीवर आहे, नीतीवर आहे, विचारसरणीवर आहे की देशाच्या अब्रूवर, आणि मगच पडद्यावर पुरावा शोधावा.

तपासणी: जुने वृत्तांत वाचताना लक्षात ठेवावे की इटलीच्या प्रेक्षागृहात शिट्टी ही नापसंतीची खूण आहे. आपल्याकडच्या शिट्टीचा अर्थ तिला लावला, तर वृत्तांत उलटा वाचला जातो.

८. गटात चर्चा करायची असेल तर

फिल्म सोसायटीत किंवा घरी चार-सहा जणांत चर्चा ठेवताना क्रम असा असावा: आधी प्रत्येकाने एक दृश्य सांगायचे, मग एक आक्षेप, आणि मत सर्वांत शेवटी. मताने सुरुवात झाली की दहा मिनिटांत ‘कळले’ आणि ‘कळले नाही’ असे दोन गट पडतात, आणि दुसऱ्या गटातील माणसे पुढच्या खेपेला येत नाहीत. त्यानंतर निर्मनुष्य गावाचा किंवा शेवटच्या बाकाचा प्रसंग पुन्हा लावावा. ज्याला चित्रपट आवडला त्याने त्या प्रसंगावरचा सर्वांत बळकट आक्षेप मांडावा, आणि ज्याला आवडला नाही त्याने त्याचा बचाव करावा. कोणी मत बदलले नाही तरी चालते. पण ज्या शॉटविषयी बोलणे चालू आहे तो सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे ना, याची खात्री चर्चा चालवणाऱ्याने वारंवार करून घ्यावी.

पुढचा चित्रपट या चर्चेवरून निवडावा. सान्द्रो आणि क्लाउदिया यांच्यातील संबंधाने गट गुंतला असेल, तर अंतोनिओनी यांचाच ‘ला नोत्ते’ (१९६१) घ्यावा. रिकाम्या जागा आणि पात्रे गेल्यावरही थांबणारा कॅमेरा यांनी वाद पेटवला असेल, तर ‘लेक्लिस्से’ची वेळ आली आहे, त्याच्या शेवटच्या सुमारे सात मिनिटांत ठरलेल्या भेटीच्या कोपऱ्यावर नायकही येत नाही आणि नायिकाही नाही, आणि कॅमेरा रस्ता, पाणी, बांधकाम आणि अनोळखी माणसे पाहत राहतो. तो खेळ ठेवताना शेवटानंतर लगेच दिवे लावू नयेत.